कॅनचं धुवण ओढ्यात नको : कर्दळीच्या वाफ्यासाठी हातभार लावा

ग्रामस्थ, दूध उत्पादक आणि नाशिकला नोकरीधंद्यानिमित्त राहणाऱ्या गावकऱ्यांनो, सप्रेम नमस्कार.

सकाळी संकलन आटोपून टँकर गेला की दूध संस्थेच्या मागच्या बाजूला जरा उभे राहून बघा. रिकामा म्हणून उपडा केलेल्या कॅनच्या तळाशीही कपभर दूध चिकटून असतं. त्यावर पाइप धरला की पांढरं पाणी मोरीतून सरळ ओढ्यात. दुपारपर्यंत आंबूस वास सुटतो. उन्हाळ्यात ओढा आटला की दगडांवर राखाडी बुळबुळीत थर धरतो.

दूध पोटाला चांगलं, पाण्याला मात्र फार जड. एक लिटर दूध कुजताना साधारण 100 ग्रॅम प्राणवायू ओढतं. आपल्याकडच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे तो असतो जेमतेम 8 मिलिग्रॅम. म्हणजे लिटरभर दूध 12 हजार लिटर पाण्याचा श्वास कोंडतं, एक मोठा टँकरच म्हणा ना. मासे मरायला वेगळं विष लागत नाही. धुण्याचा सोडा पडतो तो निराळाच. हा ओढा कादवा नदीला मिळतो आणि कादवा नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीला. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेलं राज्यातलं पहिलं ठिकाण ते हेच.

चूक आमचीच, संस्थेची. मागे शोषखड्डा केला, पण त्याच्या आधी चरबी अडवायची टाकी केली नाही. लोण्याचा थर वाळूत बसला आणि खड्डा तुंबला. आता आधी चरबीची टाकी, मग गाळाची, आणि शेवटी पाणी गाळून घ्यायला खडी-वाळूच्या वाफ्यात लावलेली कर्दळ. वर तरंगणारी साय काढून शेणखतात जाईल, वाफ्यातून आलेलं पाणी आवारातल्या झाडांना.

त्यासाठी विटा, खडी, वाळू, सिमेंट हवं आहे. कुणाचा जेसीबी अर्धा दिवस मोकळा असेल तर निम्मं काम झालंच. उत्पादकांनी दुधाच्या पुढच्या तीन पगारांतून लिटरमागे 10 पैसे द्यावेत, अशी विनंती आहे, सक्ती नाही. शहरातल्या मंडळींनी जमेल ते द्यावं. पावती मिळेल, जमा-खर्च संस्थेच्या फलकावर लागेल.

बिनपैशाचंही एक काम आहे. घरच्या किटलीचं पहिलं धुवण सोडा न घालता, थोडक्या पाण्यात काढा आणि जनावरांच्या आंबोणात ओता. दगडी (कासेची सूज) झालेल्या गाईचं, औषध चालू असतानाचं दूध मात्र ना केंद्रावर, ना वासराला, ना ओढ्यात, शेणखड्ड्यात जिरवा.

खोदकाम येत्या रविवारी, सकाळची धार उरकली की. टिकाव-फावडं आणि परड्यातल्या कर्दळीचे दोन-चार कंद घेऊन या. चहा संस्थेकडे.

आपले,
दूध संस्था व ग्रामपंचायत