नवीन बोअर घेण्याआधी जुना बोअर नीट करावा

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य,
गृहनिर्माण सोसायटी, लातूर

विषय : 800 फुटी बोअरच्या ठरावास लेखी हरकत

महोदय,

येत्या सर्वसाधारण सभेपुढे इमारतीच्या मागे 800 फुटांचा नवीन बोअर घेण्याचा ठराव येणार आहे. त्यास माझी हरकत असून ती इतिवृत्तात नोंदवावी, ही विनंती.

आपल्या जमिनीखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. त्यात पाणी राहते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात, मुरमात आणि भेगांत. खाली जावे तसतसा खडक सहसा घट्ट होतो व भेगा विरळ होतात, त्यामुळे खोल गेल्याने पाणी लागेलच असे नाही आणि लागले तरी उपसलेले पाणी एका पावसाळ्यात भरून येईल याची शाश्वती नसते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा शहरात बोअरची वाण नव्हती; पाणीच नव्हते. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, एवढ्या आधारावर सभासदांची वर्गणी खर्ची घालणे मला पटत नाही. शिवाय 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात 60 मीटरपुढील विहीर खोल विहीर मानली आहे आणि 800 फूट म्हणजे सुमारे 244 मीटर होतात. तेव्हा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे लेखी विचारणा केल्याविना ठेकेदारास अनामत देऊ नये.

माझी मोठी चिंता जुन्या बोअरच्या पाण्याची आहे. त्याचा केसिंग पाइप जमिनीपासून जेमतेम वीतभर वर असून तोंडावर सिमेंटच्या रिकाम्या गोणीची घडी बांधलेली आहे. शेजारी गाड्या धुतल्याचे पाणी साचते आणि सेप्टिक टँकचे भेगाळलेले चेंबर दहा पावलांवर आहे. मैलापाणी झिरपले की जंतूंबरोबर नायट्रेटही वाढू शकते. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट भारतीय मानकाला मान्य नाही, कारण ते तान्ह्या मुलांच्या रक्तातील प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवते. बरेच सभासद पाणी उकळून निर्धास्त होतात. उकळल्याने जंतू मरतात, पण वाफ गेल्यावर उरलेल्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते, आणि क्लोरीनचाही त्यावर इलाज चालत नाही. नायट्रेट, फ्लोराइड, क्षार आणि जंतू यांची तपासणी शासकीय प्रयोगशाळेत करून अहवाल सूचनाफलकावर लावावा. तोपर्यंत हे पाणी पिण्यास व स्वयंपाकास वापरू नये, अशी सूचना आजच द्यावी.

चेंबरची दुरुस्ती, केसिंगची उंची वाढवणे आणि भोवती सिमेंटचा ओटा ही कामे पावसाळ्यापूर्वी उरकावीत. त्यानंतर गच्चीचे पाणी गाळणीतून याच बोअरमध्ये सोडावे. आपली गच्ची सुमारे 400 चौरस मीटर आहे. 700 मिलिमीटर पाऊस झाला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी सव्वादोन लाख लिटरच्या आसपास, म्हणजे दहा हजार लिटरचे बावीस टँकर भरतील एवढे पाणी जमिनीत जाईल. मात्र पहिल्या सरीचे पाणी बाहेर सोडण्याची तोटी हवी आणि पार्किंगमधील पाणी कोणत्याही परिस्थितीत बोअरमध्ये जाता कामा नये; नाहीतर आपण स्वखर्चाने घाणच खाली उतरवू.

या कामांचे दरपत्रक नव्या बोअरच्या दरपत्रकासोबत सभेपुढे ठेवावे आणि दोन्हींवर स्वतंत्र मतदान घ्यावे.

कळावे,
आपला विश्वासू,
तळमजल्यावरील एक सभासद