पंखा घेताना माणूस काय बघतो

सांगली

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. मार्च ते मे आम्हा पंखे-एसी विकणाऱ्यांचा हंगाम, दुकान बंद करून घरी यायला रात्रीचे दहा वाजतात, म्हणून उत्तर राहिलं. आज दुपारपासून वळीव कोसळतोय, बाजारात चिटपाखरू नाही, वडील जेवायला घरी गेलेत. गल्ल्यावर बसूनच लिहितोय.

सर्वेक्षणासाठी दारोदार फिरताना लोक हवामानबदलाबद्दल किती कळकळीने बोलतात, आणि त्यांच्याच दारात नवीकोरी मोठी गाडी, घरात अठरावर लावलेला एसी कसा दिसतो, हे तू सविस्तर लिहिलंयस. शेवटी लिहिलंस, ‘लोक खोटं बोलतात रे.’ सुहास, या वाक्याशी मला भांडायचंय. तू ज्यांना प्रश्न विचारतोस तीच माणसं माझ्याकडे पाकीट उघडतात. त्यांची दुसरी बाजू मला रोज दिसते, आणि ती खोटेपणाची नाही.

तू पाठवलेले आकडे मी नीट वाचले. अमेरिकेतलं येल विद्यापीठ आणि जनमत चाचण्या घेणारी सी-व्होटर संस्था यांच्या २०२२च्या अहवालात, तापमानवाढ म्हणजे काय ते थोडक्यात समजावून सांगितल्यावर आपल्या देशातले ८४ टक्के लोक म्हणाले की ती होते आहे. ८१ टक्क्यांना काळजी वाटते. मला त्यात आश्चर्य काहीच वाटलं नाही. आपल्या गावाला हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. २००५च्या पुरानंतर सगळे म्हणायचे, असं पाणी आता आपल्या हयातीत पुन्हा नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ, सगळं पाण्याखाली. २०२१च्या जुलैत पुन्हा तेच. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून, नदीकाठच्या भरावांवरून, कोयनेतून कधी किती पाणी सोडलं यावरून इथे आजही हमरीतुमरी होते, आणि त्या वादांत तथ्यही आहे. पण पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही, चार दिवसांत महिन्याचा पडतो, हे नाकारणारा माणूस मला या गावात भेटलेला नाही.

आता २०१९चा सप्टेंबर-ऑक्टोबर आठव. पाणी उतरलं, चिखल काढून झाला आणि लोक घर नव्याने उभं करायला बाजारात आले. पंखे, मिक्सर, बोर्ड, वायर, बल्ब, सगळंच हवं होतं. हवामानबदल ज्यांच्या माजघरातून वाहून गेला होता अशी ही माणसं. वीज कमी खाणारा पंखा घ्यायचं कारण त्यांच्याइतकं कुणाकडे असणार? आणि त्यांनी घेतला तो सगळ्यात स्वस्त, साधा पंखा. मी काउंटरवर उभा राहून बघत होतो, आणि मला त्यांच्यातला एकही ढोंगी वाटला नाही. हातात सानुग्रह अनुदानाचे पैसे, बाकी उसनवारी, आणि घरात तीन खोल्या. साधा पंखा तेव्हा तेरा-चौदाशेचा, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा, वीज कमी खाणारा पंखा, तीन हजारांच्या आसपास. तीन खोल्यांचा हिशेब केलास की उत्तर तुलाच मिळेल.

गंमत अशी की बीएलडीसीचा हिशेब कागदावर इतका चोख आहे की कुणालाही पटावा. साधा पंखा ७५ वॉट खातो, हा २८ ते ३५. रोज पंधरा तास आणि वर्षाचे नऊ महिने धरले तर एका पंख्यामागे १६० ते १९० युनिट वाचतात. आपली बहुतेक वीज अजून कोळशाची, एका युनिटमागे ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एकेका पंख्यामागे वर्षाला शंभर किलोहून जास्त, आणि पंखा तर दहा-पंधरा वर्षं सहज फिरतो. जास्तीचे पैसे दोन-अडीच वर्षांत वसूल होतात. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. माणसं मान डोलावतात, ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणतात, आणि साधा पंखा बांधायला सांगतात.

मग मी विचारायला लागलो. उपदेश करायला नाही, खरंच कळून घ्यायला. पैसे हे कारण होतंच. पण बऱ्याच जणांनी वेगळंच सांगितलं: ‘वायरमन नको म्हणाला.’

हा वायरमन तुझ्या प्रश्नावलीत कुठेच नाही, सुहास, आणि आमच्या धंद्यात निम्मे निर्णय त्याचे असतात. पंखा घेताना माणूस दुकानदारापेक्षा त्याचं ऐकतो, कारण बंद पडल्यावर स्टूल घेऊन धावत येणार तोच. साधा पंखा हळू झाला की तो पाच मिनिटांत कंडेन्सर बदलतो. मोटर जळली तर वायंडिंगवाला गावात आहे. बीएलडीसीचं मात्र आतलं किट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेलं की वायरमनचे हात बांधले जातात. कंपनीला फोन, तक्रार नोंद, माणूस कधी येईल त्याचा भरवसा नाही, आणि तोवर मे महिन्यात घरातली म्हातारी माणसं घामाने भिजतायत. खेड्यात विजेचा दाब वरखाली होतो, पावसाळ्यात विजा चमकल्या की किटं उडतात. वायरमनला पर्यावरणाशी वैर नाही. उद्या गिऱ्हाईक आपल्यालाच बोल लावेल ही त्याची साधी भीती आहे, आणि ती रास्त आहे.

म्हणून मी चालणाऱ्या मॉडेलांची सुटी किटं दुकानात ठेवायला लागलो. ओळखीच्या वायरमनना बोलावून किट कसं बदलायचं ते दाखवलं. किट गेलं तर पंखा दुकानात आणा, वॉरंटीचं कंपनीशी मी बघतो, एवढा शब्द दिला. त्यानंतर हेच लोक गिऱ्हाइकाला घेऊन येऊन म्हणायला लागले, ‘तो रिमोटचा बीएलडीसी दाखवा, लाइट बिल कमी येतं.’ कुणाचं मत बदललं नव्हतं. मत आधीपासून होतंच.

दुसरी अडचण भाड्याच्या घराची. कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आलेली पोरं खोल्या घेऊन राहतात. पंखा घरमालकाचा, बिल भाडेकरूचं. मालक कशाला तीन हजार घालेल? आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा पोरगा छताला स्वतःचा पंखा कशाला लावेल? दोघांनाही तू गाठलंस तर दोघेही तळमळीने बोलतील. आणि ज्याचं बिल शंभर युनिटांच्या आत आहे त्याला दर कमी लागतो, म्हणजे गरिबाच्या घरात वाचलेल्या युनिटाचे पैसेही कमीच वाचतात. वसुलीची मी वर सांगितलेली मुदत त्याच्यासाठी लांबते.

एक गोष्ट मात्र मला तुला ठासून सांगायची आहे. त्याच येलच्या अहवालात ५४ टक्के लोक म्हणाले की तापमानवाढीबद्दल आपल्याला फार थोडं माहीत आहे किंवा ती कधी ऐकलेलीच नाही. तू त्यांना ‘अनभिज्ञ’ असं लिहिलंयस. पुरानंतर सांगलवाडीच्या एक आजी पाण्यात बुडालेला पंखा पोत्यात घालून घेऊन आल्या होत्या. उन्हात वाळवून आणलेला, पाती पुसून लख्ख केलेली. नवा नको म्हणाल्या, वायंडिंग करून द्या. त्यांना तुझे प्रश्न विचारले असतेस तर त्या ‘मला काय कळतंय त्यातलं’ म्हणाल्या असत्या आणि तुझ्या रकान्यात शून्यावर गेल्या असत्या. त्यांच्या घरात एक पंखा, दोन दिवे. सगळ्यात कमी धूर ज्यांच्या वाट्याचा, त्यांची मतं सगळ्यात कमी नोंदली जातात. मत आणि वागणं यातली दरी मोजताना ही उलटी दरीही मोज. मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

म्हणजे मी सगळ्यांना सोडून देतोय असं समजू नकोस. ज्यांच्याकडे पैसा आहे, स्वतःचं घर आहे, माहिती आहे, त्यांच्या बाबतीत तुझा राग मला मान्य आहे. २०२०च्या जानेवारीपासून देशात विकला जाणारा प्रत्येक खोलीचा एसी सुरू होताना २४ अंशांवर असतो, तसा नियमच आहे. एकेक अंश वर ठेवला की सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. तरी एसी बसवायला गेलेल्या माझ्या दुकानातल्या पोराला पहिला हुकूम होतो तो अठरावर लावून दाखवायचा, आणि मग घरातले पांघरूण घेऊन बसतात. देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींत आता निम्म्याहून जास्त मोठ्या, उंच, जड गाड्या आहेत. त्या घेणारे कुणी अडलेले नाहीत. तिथे हप्ता, वायरमन, घरमालक यांतलं एकही कारण चालत नाही. त्यांना तोंडावर बोललं पाहिजे, आणि मी बोलतो. एक-दोन गिऱ्हाइकं तुटली असतील, तुटू देत.

पण बाकीच्या मोठ्या समाजाचं काय, तर त्यासाठी एलईडी बल्ब आठव. २०१५च्या जानेवारीत उजाला योजना सुरू झाली. सरकारी कंपनी ईईएसएलने एकगठ्ठा खरेदी केली आणि जो बल्ब तिला ३१० रुपयांना पडत होता तो दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांना मिळायला लागला. काही राज्यांत दहा रुपये रोख द्यायचे आणि उरलेले वीजबिलातून फेडायचे अशी सोय होती. ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. आमच्याकडे सीएफएलचा माल पडून राहिला, वडील तेव्हा फार चिडले होते. आज साधा पिवळा बल्ब मागायला देवघरासाठीसुद्धा कुणी येत नाही. एका देशाने आपला उजेड बदलला, आणि तो बदलताना कुणाला हवामानबदलावर भाषण ऐकावं लागलं नाही. पंख्यांसाठीही २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ईईएसएलने एक कोटी बीएलडीसी पंख्यांचा कार्यक्रम जाहीर केला. तो बल्बासारखा गल्लीबोळात पोचावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, दुकानाचं थोडं नुकसान झालं तरी. फक्त बल्ब गेला की फेकता येतो, पंख्याला दुरुस्ती लागते. वायरमनला सोबत घेतलं नाही तर तो कार्यक्रम अडेल, हे मी आजच लिहून ठेवतो.

तुझ्या पाकिटात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या जागतिक अभ्यासाचं कात्रण होतं, १२५ देश आणि सुमारे १ लाख ३० हजार माणसं. ६९ टक्के लोक म्हणाले, हवामानासाठी आम्ही आमच्या उत्पन्नातला एक टक्का द्यायला तयार आहोत. पण ‘तुमच्या देशातले किती जण देतील?’ या प्रश्नावर त्यांचा अंदाज सरासरी ४३ टक्क्यांचा निघाला. ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. माझ्या काउंटरवर रोज ऐकू येणारं ‘मी एकट्याने करून काय होणार’ हे वाक्य त्या दोन आकड्यांच्या मधे बसलेलं आहे. शेजारीही तेच म्हणतोय हे कुणाला माहीत नाही. एका अपार्टमेंटमध्ये एकाने बीएलडीसी लावला आणि जिन्यात उभं राहून आपलं बिल दाखवलं, तर त्या इमारतीतून पुढे पाच-सहा जण येतात. माझ्या जाहिरातीने इतके कधीच येत नाहीत.

तेव्हा पुढच्या फेरीत ‘तुम्हाला काळजी वाटते का’ हा प्रश्न ठेव, पण त्याच्या खाली आणखी चार प्रश्न घाल. घर स्वतःचं की भाड्याचं? शेवटचा पंखा किंवा फ्रिज निवडला कुणी? पैसे रोख दिले की हप्त्याने? बंद पडला तर दुरुस्त कोण करतं? आणि जागा उरली तर, शेजारी काय करतील असं वाटतं तेही विचार. उत्तरं हातात आली की ‘लोक खोटं बोलतात’ हे वाक्य तू स्वतःच खोडशील अशी माझी खात्री आहे.

जुलैत मिरजेला तीस-चाळीस वायरमन एकत्र बोलवायचं चाललंय. पावसात त्यांना काम कमी असतं. तू नक्की ये, तुझे आकडे त्यांना सांग. फक्त आधी किट बदलून दाखवणारा माणूस बोलेल, मग चहा, आणि मग तू. मुक्काम आमच्याकडेच कर, आई तुझी फार आठवण काढते. वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत