विषय: कोल्हापूर–होस्पेट स्लीपर बस न थांबवता आम्हालाच 'नो-शो' (प्रवासी आलेच नाहीत) ठरवल्याबद्दल आणि त्यानंतरच्या फोनबद्दल

प्रति,
व्यवस्थापक,
तक्रार निवारण विभाग

आज दुपारी तुमच्या कस्टमर केअरने माझी तक्रार परस्पर 'बंद' केली आणि वर पुढच्या प्रवासासाठी शंभर रुपयांचं कूपन पाठवलं. म्हणून हे पत्र. बुकिंग तुमच्याकडे आहे, गाडीचं लोकेशन तुमच्याकडे नोंदलेलं आहे, तेव्हा तुमची गाडी कुठून कुठे जाते हे मी तुम्हाला सांगत बसत नाही. 11 नोव्हेंबरची रात्र, खालचा डबल बर्थ, पिकअप दाभोळकर कॉर्नर, वेळ साडेदहा.

खालच्या बर्थसाठी आम्ही जादा पैसे मोजले होते, कारण माझ्या मिस्टरांचा गुडघा. आम्ही दोघं पाठीवर सॅक घेऊन हिंडतो. भुदरगड आणि रांगणा हे किल्ले करून गारगोटीहून एसटीने कोल्हापुरात उतरलो तेव्हा रांगण्याच्या उतारामुळे त्यांचा गुडघा चांगलाच सुजलेला होता. कोल्हापूरचा मुक्काम फक्त विश्रांतीसाठी ठेवला होता आणि विश्रांती मिळालीही. भवानी मंडपाजवळ खोली, दुपारची पोटभर झोप, संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर पाय सोडून बसणं, रात्री गंगावेशीत डोळ्यांसमोर धार काढलेलं म्हशीचं दूध, पेल्यावर चार बोटं फेस. सूज उतरली. किरणोत्सव चालू होता, मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडायचे दिवस, म्हणून 11 तारखेची संध्याकाळ मुद्दाम अंबाबाईच्या देवळासाठी राखली आणि हंपीसाठी होस्पेटपर्यंतचा पुढचा प्रवास रात्रीचा ठरवला. हरिप्रिया एक्सप्रेस कोल्हापूरहूनच सुटते आणि होस्पेटवरूनच तिरुपतीला जाते. ती सोडून आम्ही तुमची गाडी घेतली, कारण 'रात्री बसा, सकाळी होस्पेटला उतरा' असं तुमच्या अ‍ॅपवर लिहिलं होतं.

साडेनऊ वाजून गेल्यावर मेसेज आला: पिकअप बदलला, तावडे हॉटेलला या. कोणत्या बाजूला, महामार्गावर की खाली, काही नाही. त्या गर्दीत रिक्षा मिळवून, सॅक मांडीवर घेऊन आम्ही तिथे पोचलो, वेळेच्या आधी पोचलो. तावडे हॉटेलच्या चौकात महामार्ग वरून, पुलाने जातो आणि शहरात येणारा रस्ता खालून. वर्षानुवर्षं या मार्गावर गाड्या चालवणाऱ्या कंपनीला हे माहीत नसेल हे मला पटत नाही. आम्हाला ते सांगितलं तिथल्या चहाच्या टपरीवाल्याने. "ताई, पुण्याकडनं आलेली गाडी वरनंच जाते, खाली न्हाई येत. वर जाऊन थांबा." ज्या माणसाकडून आम्ही एका पैशाचं तिकीट काढलं नव्हतं त्याने जे सांगितलं, ते सांगायची जबाबदारी तुमची होती.

आम्ही वर जाऊन थांबलो. 10 वाजून 52 मिनिटांनी मोबाइलवर सूचना आली: प्रवासी पिकअपला आले नाहीत, नो-शो. त्याच क्षणी तुमच्याच अ‍ॅपवर गाडी किणी टोल नाक्यावर दिसत होती. किणी तावडे हॉटेलच्या अलीकडे येतं, पुण्याच्या बाजूला. म्हणजे गाडी अजून कोल्हापुरात शिरलीच नव्हती आणि आम्ही आलो नाही असं तुम्ही लिहून मोकळे झाला होता. दोन्हींचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. सव्वाअकराच्या सुमारास गाडी आली. आम्ही दोघं मोबाइलचे टॉर्च हलवत रस्त्याच्या कडेला उभे होतो. काचेवरची पाटी मला वाचता आली इतक्या जवळून ती गेली. वेगसुद्धा कमी केला नाही. ड्रायव्हरला फोन लावला तर उत्तर मिळालं, "पूल मागं राहिला. कागलला या, दहा मिनिटं थांबतो."

आता कस्टमर केअर. हा फोन तुम्ही रेकॉर्ड केलेला आहे, तसं सुरुवातीलाच सांगितलं जातं. तो काढा आणि वरिष्ठांनी एकत्र बसून ऐका.

मी सगळं नीट सांगितलं. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये तुम्ही नो-शो आहात." मी म्हटलं, गाडी किणीला असताना नो-शो कसा लागला, ते सांगा. तो म्हणाला, "सिस्टीम चुकत नाही, मॅडम." मी म्हटलं, मी इथे उभी आहे, गाडी माझ्यासमोरून गेली. त्यावर, "तुम्ही हात केला होता का?" तिकीट काढलेल्या प्रवाशाला हा प्रश्न! आम्ही रस्त्यात गाड्यांना हात करत फिरत नव्हतो, आम्ही तुमच्याकडे पूर्ण पैसे भरले होते. मग तो म्हणाला, "मिस्टरांना फोन द्या, मी त्यांना समजावून सांगतो." बुकिंग माझ्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून, फोन माझा. मी फोन दिला नाही. तेव्हा त्याने जे सांगितलं ते मी शब्दशः लिहिते: "मग आजची रात्र तिथेच राहा ना मॅडम. कोल्हापूर छान आहे. उद्या रंकाळा वगैरे बघून घ्या, रात्री आमचीच गाडी आहे. नवीन तिकीट काढावं लागेल."

रात्रीचे साडेअकरा वाजलेले. खोली सोडलेली, किरणोत्सवामुळे लॉजवर खोल्या नाहीत, शेजारून ट्रक जातायत, नवरा एका पायावर भार देऊन उभा आणि तुमचा माणूस आम्हाला रंकाळा बघायला सांगतो! आमची गाडी तुम्ही घालवली, आमच्यावर खोटी नोंद तुम्ही केली आणि वर पुन्हा पूर्ण पैसे देऊन तुमच्याच गाडीत बसायचं? कोल्हापूर छान आहे हे आम्हाला तुमच्याकडून कळायला नको. फोन ठेवल्याबरोबर 'आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल' असा मेसेज आला. तुमच्याकडे लाज नावाची काही गोष्ट शिल्लक आहे का, हे मी गंभीरपणे विचारते आहे.

पुढचं थोडक्यात. मध्यवर्ती बसस्थानकावर बाकावर रात्र काढली. हरिप्रियाला वेटिंग होतं. पहाटे कर्नाटक परिवहनच्या गाडीने बेळगावमार्गे हुबळी, तिथून दुसऱ्या गाडीने गदग, कोप्पळ करत होस्पेट. हुबळीनंतर बराच वेळ उभं राहून. कोल्हापुरात उतरलेली गुडघ्याची सूज होस्पेटला उतरताना पुन्हा आलेली. हंपीजवळ कमलापूरला घेतलेल्या खोलीचं एका रात्रीचं भाडं बुडालं आणि हंपीत विरूपाक्ष, विठ्ठल मंदिर पायी करायचं ठरवलं होतं, ते रिक्षाने करावं लागलं.

नाशिकहून पुण्याला जायचं तर आम्ही तुमचीच गाडी धरायचो, सासूबाईंना एकटं पाठवायचं तरी तुमचीच. इतका विश्वास होता. आता त्यांना तुमच्या गाडीत बसवणार नाही.

मला तिकिटाचे पूर्ण पैसे, कोल्हापूर ते होस्पेट झालेला खर्च आणि कमलापूरच्या खोलीचं भाडं परत हवं आहे. पावत्या सोबत आहेत. त्याहून महत्त्वाचं, नो-शोची नोंद रद्द केल्याचं लेखी पत्र हवं आहे. आम्ही तिथे होतो. वेळेत होतो, सांगितलेल्या ठिकाणी होतो. गाडी यायच्या आत ती नोंद कोणी आणि का केली, याचं उत्तर द्या. असं इतर प्रवाशांच्या बाबतीतही करून त्यांचे पैसे ठेवून घेता का, हेही मला कळलं पाहिजे.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणार. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला तो राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यासाठी मला तुमच्या मुख्यालयाच्या शहरात यावं लागणार नाही आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही. कॉल रेकॉर्डिंग आणि त्या रात्रीचा लोकेशनचा तपशील जपून ठेवा, आयोगापुढे तो मागणार आहे. 'डेटा उपलब्ध नाही' हे उत्तर चालणार नाही.

शंभर रुपयांचं कूपन रद्द करा. आणि आता फोन करू नका, जे सांगायचं ते लेखी पाठवा.

तिकीटधारक प्रवासी,
नाशिक