बाबा, साकुराबाबद्दल सांगते

साइतामा, जपान

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा आईकडून कळलं की पोरांना ढाक हा डाव दाखवताना बाबांचा गुडघा पुन्हा मुडपला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते लंगडत का होईना, पण तालमीच्या हौद्यात उतरलेच. फोनवर हा विषय काढला की बाबा, तुम्ही ‘बरं बरं’ म्हणता आणि म्हशीच्या दुधावर जाता. म्हणून पत्र लिहिते आहे. यात एका जपानी पैलवानाबद्दल सांगणार आहे. दुसऱ्या पैलवानाची गोष्ट तुम्ही अर्ध्यात सोडत नाही, हे मला माहीत आहे.

काझुशी साकुराबा. जन्म 1969, उत्तर जपानातल्या अकिता प्रांतातला. शाळेत कुस्ती, मग टोकियोच्या चुओ विद्यापीठात कुस्ती. 1993 साली तो व्यावसायिक रेसलिंगमध्ये गेला. तिथे लढतींचे निकाल आधी ठरलेले असत, पण शिकवणारे वस्ताद खरे होते. बिली रॉबिन्सन नावाच्या इंग्रज पैलवानाकडून तो जुनी कॅच कुस्ती शिकला, म्हणजे हात-पाय पिरगाळून समोरच्याला हार मानायला लावणारी. आणि बाबा, जपानच्या या तालमींत नवख्या पोराकडून आधी शेकड्याने बैठका काढून घेतात. आपल्याच बैठका! कार्ल गॉच या युरोपातल्या पैलवानाने त्या इथे रुजवल्या. मला हे कळलं तेव्हा आधी तुमची आठवण झाली.

डिसेंबर 1997 मध्ये योकोहामाला यूएफसीच्या, म्हणजे ठोसे, लाथा, पकडी सगळं चालणाऱ्या स्पर्धेत त्याच्यासमोर एक ब्राझिलियन आला, एकशे दहा किलोच्या आसपास वजनाचा. ठोसे चुकवत साकुराबा पाय धरायला, पटात शिरायला खाली वाकला आणि पंचाला वाटलं, हा मार खाऊन कोसळला! कुस्ती थांबवली. साकुराबाने रिंगण सोडलं नाही. चूक मान्य झाली, त्याच रात्री दोघे पुन्हा लढले आणि साकुराबाने त्याचा हात धरून त्याला हार मानायला लावली. पट काढायला वाकलेला माणूस आणि पडलेला माणूस यातला फरक तुमच्या तालमीतल्या दहा वर्षांच्या पोरालाही कळला असता.

पुढे ‘प्राइड’ नावाच्या जपानी स्पर्धेत तो गाजला. ब्राझीलचं ग्रेसी घराणं तेव्हा अजिंक्य समजलं जाई. साकुराबाने त्यांच्या एकेका पैलवानाला हरवलं: 1999 ला रॉयलर, 2000 ला रॉइस, रेन्झो, रायन. रेन्झोचा हात त्याने पाठीमागे पिरगाळला, कोपर निखळलं, तरी रेन्झोने हार मानल्याची थाप दिली नाही. याच घराण्यातल्या एलिओ ग्रेसीचा हात मासाहिको किमुरा या जपानी जुदोपटूने 1951 साली रिओमध्ये याच डावाने मोडला होता. एलिओनेही थाप दिली नव्हती.

पण मला सांगायचं आहे ते 1 मे 2000 च्या रात्रीबद्दल. टोकियो डोम. रॉइसच्या घरच्यांची अट होती की पंचाने कुस्ती सोडवायची नाही, आणि निकाल लागेपर्यंत पंधरा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्या चालू राहतील. साकुराबा मुखवटा घालून आला, गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या. रॉइसच्या अंगात जाड सुती झगा होता. साकुराबाने तो झगाच धरून ओढला, त्याच्या डोक्यावरून वर खेचला, मांडीवर लाथांवर लाथा मारल्या. मी ती लढत पूर्ण पाहिली आहे. सहाव्या फेरीपर्यंत रॉइसला पाय टेकवेना, तरी तो स्वतः ‘नको’ म्हणत नव्हता. नव्वद मिनिटं झाल्यावर त्याच्या भावाने टॉवेल टाकला. इथे पैलवानाच्या कोपऱ्यात त्याची माणसं उभी असतात. त्यांनी रिंगणात टॉवेल टाकला की कुस्ती संपली, पैलवानाला विचारायचं कारण नाही.

साकुराबा जिंकला आणि त्याच रात्री पुन्हा रिंगणात उतरला, युक्रेनच्या इगोर वोव्चान्चिनसमोर. तो वजनाने कितीतरी जड, ठोसा हातोड्यासारखा. नव्वद मिनिटांनंतर हा माणूस त्याच्याशी आणखी पंधरा मिनिटं झुंजला. ती फेरी संपली तेव्हा साकुराबाच्याही कोपऱ्याने टॉवेल टाकला. मला त्या रात्रीतली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. त्याच्या माणसांनी त्याला वेळेवर थांबवलं.

नंतर तसं झालं नाही. वांडरले सिल्वाने त्याला तीनदा हरवलं, पहिल्यांदा तर पावणेदोन मिनिटांच्या आत. दुसऱ्यांदा खांदा गेला. 2002 ला मिर्को क्रो कॉपशी लढताना डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं. 2010 च्या शेवटच्या दिवशी, इथेच साइतामात, कान फाटून लोंबायला लागला तेव्हा कुस्ती थांबली. मधल्या काळात त्याने काही चांगले विजयही मिळवले, पण त्या वर्षांतल्या लढती मला बघवत नाहीत. आणि 29 डिसेंबर 2015 ला, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, त्याला शिन्या आओकीसमोर उभं केलं. आओकी बत्तीस वर्षांचा. साकुराबा खाली, आओकी छातीवर बसून ठोसे मारतोय, आणि साकुराबा नुसते हात तोंडावर धरून पडलाय. शेवटी टॉवेल आला. साकुराबा रिंगणात उतरायच्या आधीच त्याला कुणीतरी अडवायला हवं होतं, असं मला फार वाटतं. प्रेक्षकांचं प्रेम होतं, आयोजकांना नाव हवं होतं, आणि तो स्वतः तर कधीच नाही म्हणणारा नव्हता.

बाबा, तुम्ही तालीम सोडा असं मी म्हणत नाही. साकुराबानेही सोडली नाही. 2018 मध्ये त्याने ‘क्विंटेट’ सुरू केलं: पाच विरुद्ध पाच, ठोसे-लाथा बंद, निव्वळ पकड आणि डाव. जिंकणारा रिंगणात राहतो आणि पुढच्याशी लढतो, बरोबरी झाली तर दोघेही बाहेर. आपल्या जत्रेला दोन तालमींत असं लावून बघा ना. पोरं कशी उतरवायची, जड गड्यासमोर कुणाला धाडायचं, दमलेल्याकडून निदान बरोबरी कशी काढून घ्यायची, हे तुमच्याइतकं पंचक्रोशीत कुणाला कळतं? त्यासाठी हौद्याच्या कडेला खुर्ची टाकून बसलं तरी चालतं. ढाक दाखवायला दादाच्या मुलाला मध्ये घ्या. त्याला तुम्हीच शिकवली आहे.

आई, आता तुझ्यासाठी. तू म्हणतेस, ‘यांना मी काय सांगणार, ऐकतात का माझं?’ विचारूच नकोस. डॉक्टरांनी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दिवाळीनंतरची तारीख द्यायची तयारी दाखवली आहे, दादाने ती नक्की करून टाकावी. ऑपरेशनचे पैसे मी पाठवते आहे, त्याबद्दल बाबांशी वाद नको. तोवर लंगोट तुझ्या कपाटात कुलपात ठेव. ते चिडतील, दोन दिवस जेवताना बोलणार नाहीत. चालेल. मी महिनाभर सुट्टी घेऊन येते आहे, रागवायचं ते माझ्यावर रागवू देत.

बाबा, रॉइसची ती लढत पेन ड्राइव्हवर घालून आणते. आपण दोघं मिळून बघू, आणि साकुराबाचा पट कुठे चुकतो ते तुम्ही मला सांगा.

तुमची,
धाकटी