अठरा महिन्यांच्या भरवशावर राहू नकोस

प्रिय पक्या,

तुझं पत्र मिळालं. खोली, रूममेटची भांडणं, थंडी यावर फोनवर बोलूच. पण शेवटी तू सहज लिहून टाकलंयस की 'सध्या गोदामात पार्सलं उचलतोय, नोकरीचं डिग्रीनंतर बघू.' ते वाचून राहवलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो.

जर्मनीत डिग्रीनंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो आणि त्या काळात कुठलंही काम करता येतं, हे तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. खोटं नाही ते. पण ते महिने कसे जातात हे मी आसपासच्या पोरांत पाहिलंय. विद्यार्थी म्हणून मिळणारा स्वस्त आरोग्य विमा संपलेला असतो, वेर्कश्टुडंट म्हणून, म्हणजे शिकता शिकता कंपनीत अर्धवेळ काम करणारा विद्यार्थी म्हणून, कुणी ठेवत नाही, भाडं चालूच, आणि मुदत पुढे वाढवून मिळत नाही. अशा वेळी शोधायला निघालेल्या माणसाची घाई मुलाखतीत समोरच्याला बरोबर कळते. त्यामुळे पहिली नोकरी विद्यार्थी असतानाच पक्की करायची. 18 महिने उशीर झालाच तर कामाला येतील, एवढंच समज.

तुझ्या आत्ताच्या विद्यार्थी परवान्यावर वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. (मार्च 2024 पूर्वी हे 120 आणि 240 होतं; जुने सीनियर अजून तेच आकडे ऐकवतात, घाबरू नकोस.) हे दिवस तू गोदामात खर्च करतोयस. पैशाची गरज आहे, मान्य. पण किमान वेतनाचा कायदा वेर्कश्टुडंटलाही लागू आहे, म्हणजे आपल्या विषयातलं काम धरलंस तर ताशी पैसे कमी व्हायची भीती नाही. लेक्चर चालू असताना आठवड्याला 20 तास, सुट्टीत त्याहून जास्त. विद्यापीठातल्याच प्राध्यापकांकडे हिवीचं, म्हणजे विद्यार्थी-सहायकाचं, काम मिळालं तर ते या दिवसांत धरतच नाहीत. अभ्यासक्रमातली सक्तीची इंटर्नशिपही नाही. फ्रीलान्सिंग मात्र परवानगीशिवाय करायचं नाही, ओळखीच्यांची साधी वेबसाइट असली तरी. त्या एका गोष्टीवरून व्हिसाचं त्रांगडं होतं.

वेर्कश्टुडंटवर माझा एवढा भर का, ते ऐक. इथे नोकरीला सहा महिने झाले की, अगदी छोट्या कंपन्या सोडल्या तर, माणसाला काढणं कायद्यानं सोपं राहत नाही. त्यामुळे अनोळखी माणूस घेताना कंपनी दहा वेळा विचार करते. मग दीड वर्ष शेजारच्या टेबलावर बसलेला, मीटिंगला वेळेवर येणारा, चूक झाली की स्वतःहून सांगणारा मुलगा तिला परवडतो. त्यात मास्टर थेसिसही त्याच कंपनीत केलास तर तुझी मुलाखत सहा महिने चालूच असते, फक्त तसं कुणी म्हणत नाही. मार्कांची चिंता तू जितकी करतोस तितकी इथे कुणीही करत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आता भाषा. तू चिडणार, पण लिहितोच. 'माझा कोर्स इंग्रजीत आहे, आयटीत जर्मन लागत नाही' हे अर्धंच खरं आहे. बर्लिनच्या स्टार्टअपमध्ये नाही लागत. पण तिथल्या प्रत्येक जागेवर जगभरातून अर्ज पडतात, कारण त्या जागा जर्मन न येणाऱ्या सगळ्यांना खुल्या असतात. जर्मनच्या बी-2 पातळीपर्यंत (ए-1 ही सगळ्यात खालची) पोचलास की ती गर्दी मागे पडते. मग तुला टुटलिंगन दिसायला लागेल, जिथे शस्त्रक्रियेची उपकरणं बनतात; श्वाइनफुर्ट दिसेल, बेअरिंगवाल्यांचं; ऑप्टिक्ससाठी येना. अशा गावांतल्या कितीतरी कंपन्या आपापल्या क्षेत्रात जगात पुढे आहेत आणि त्यांची नावं आपण कधी ऐकलेली नसतात. तिथे कँटीनमधलं बोलणं जर्मनमध्ये, ईमेल जर्मनमध्ये, वर्कशॉपमधला अनुभवी फोरमन तर इंग्रजीच्या वाटेलाही जात नाही. विद्यापीठात भाषेचे वर्ग फुकट किंवा नाममात्र फीमध्ये असतात. बाहेर त्याच वर्गांना काय पैसे पडतात ते एकदा बघ आणि मग गोदामातली एक शिफ्ट सोड. व्याकरण चुकू दे, लेका. डेर, डी, डास या नामाआधीच्या लिंगदर्शक शब्दांत मी अजून गडबडतो आणि महिन्याच्या महिन्याला पगार येतो.

काम सोडताना कंपनीकडून लेखी प्रमाणपत्र, म्हणजे आर्बाइट्सत्सॉयग्निस, मागून घे. तो तुझा हक्क आहे. मात्र ते वाचून खूश होण्याआधी एखाद्या जर्मन मित्राला दाखव. सगळी वाक्यं कौतुकाचीच वाटतात, पण त्यांची ठरलेली उतरंड असते आणि एखादा शब्द गाळून श्रेणी खाली आणलेली असते. तसं आढळलं तर दुरुस्ती मागायला लाजू नकोस.

पगाराचं बोलणं निघेल तेव्हा ब्लू कार्डची, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्याची, किमान पगाराची मर्यादा माहीत असू दे. डिग्रीला तीन वर्षं झाली नसतील तर ती कमी असते, 2025 साठी ती वर्षाला 43,759.80 युरो होती. हा आकडा दरवर्षी बदलतो, तेव्हा सही करायच्या वर्षाचा बघून घे. ऑफर त्याच्या जरा खाली असेल तर सरळ सांगायचं की एवढ्याशा फरकासाठी कार्ड अडेल. बऱ्याचदा ऐकतात. ब्लू कार्डवर बी-1 जर्मन असेल तर 21 महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, नुसतं ए-1 असेल तर 27. बघ, इथेही भाषाच.

परदेशी नागरिकांच्या कार्यालयाबद्दल लिहायला बसलो तर दुसरं पत्र होईल. सध्या एवढंच कर, परवाना संपायच्या पुष्कळ आधी अर्ज टाक आणि पोच जपून ठेव. अपॉइंटमेंट वेळेत मिळेल असं धरून चालू नकोस.

सीव्ही पाठव. दोन पानं, सगळ्यात अलीकडचं काम सर्वांत वर, आणि शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचं बक्षीस काढून टाक. मधे रिकामे महिने असतील तर त्या काळात काय केलंस ते लिही, इथे विचारतातच. रविवारी मी मोकळा आहे. तोवर तुझ्या विभागातल्या कुठल्या प्राध्यापकांना हिवी हवाय तेवढं विचारून ये. दारावर कागद चिकटवलेले असतात.

तुझाच,
अव्या