पालकमंत्री साहेब, जीपमधून सायकलचा रस्ता दिसत नाही

मा. पालकमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजारोहण झाल्यावर, आपण पत्रकारांसमोर शब्द दिला होता. बायपासलगतच्या सायकल मार्गाची पाहणी दिवाळीच्या आत होईल आणि गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी दुरुस्ती पूर्ण होईल, असा तो शब्द होता. दिवाळी झाली. कारखाने सुरू झाले, उसाच्या जोड ट्रॉल्या रस्त्याला लागल्या. पाहणीला कुणी आलं नाही. मागच्या आठवड्यात नववीतली एक मुलगी शाळेतून घरी जाताना त्याच मार्गावर पडली. उजवं मनगट मोडलं आहे.

ती खड्ड्यात पडली नाही, हे आधीच सांगायला हवं. कारण संबंधित कार्यालयाचं लेखी उत्तर आमच्याकडे आहे: 'सदर मार्गावर खड्डे आढळून आले नाहीत.' खड्डा नव्हताच. सायकली आणि गाड्या वेगळ्या राहाव्यात म्हणून प्लास्टिकचे नारंगी खांब लावले होते. त्यातला वळणावरचा खांब ट्रॉलीच्या चाकाखाली गेला आणि त्याचं बूड धरून ठेवणारे बोल्ट काँक्रीटमध्येच राहिले. जमिनीपासून दोन-अडीच सेंटिमीटर वर आलेले, गंजलेले, धूळ बसून रस्त्याच्याच रंगाचे झालेले. संध्याकाळी ऊन डोळ्यांवर आलं की ते दिसतही नाहीत. पुढचं चाक बोल्टला अडलं, हँडल फिरलं, मुलगी हातावर पडली.

हा बोल्ट काढायला एक ग्राइंडर, एक छोटा जनरेटर आणि दहा-पंधरा मिनिटं लागतात. बोल्ट काँक्रीटच्या पातळीला कापायचा, बोट फिरवून धार राहिली नाही ना हे बघायचं आणि खाच इपॉक्सी मॉर्टरने भरून घ्यायची. साधं सिमेंट लावलं तर ते पहिल्या पावसाळ्यात सुटतं आणि टोक पुन्हा उघडं पडतं. नवा खांब बसवायचा असेल तर आतून आटे असलेली नळी काँक्रीटमध्ये पातळीला बुडवून बसवावी, म्हणजे खांब मोडला तरी वर काही उरत नाही. आणि वळणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा खांब लावूच नये. ट्रॅक्टर जिथून वळतो त्याच्या आतून पहिली ट्रॉली जाते आणि तिच्याही आतून दुसरी. तिथे काँक्रीटचा कर्बच हवा, त्याच्या दोन्ही टोकांना रिफ्लेक्टर हवेत. हे काम देताना कुणी एकदा उसाची ट्रॉली त्या वळणावर फिरवून बघितली असती तर खांब तिथे लागला नसता.

महोदय, मूळ दुखणं इथेच आहे. आपले अधिकारी सायकलचा मार्ग जीपमधून बघतात. जीपचा टायर वीसेक सेंटिमीटर रुंद असतो, शाळकरी सायकलचा साडेतीन ते चार. जीपमध्ये बसलेल्याला जे जाणवतही नाही ते सायकलला आडवं करतं. शिवाय खड्डा लांबून दिसतो, माणूस त्याला वळसा घालतो. पाडते ती चाकाच्या दिशेने धावणारी रेघ: भेग, जोडाची फट, डांबराची कडा, रेल्वेचा रूळ. सायकलचा तोल हँडल थोडं थोडं हलवूनच राहतो. चाक एकदा अशा रेघेत शिरलं की हँडल अडतं आणि तोल सावरायला काही उरत नाही.

म्हणून सायकल मार्गाची मापं वेगळी धरावी लागतात. चाकाच्या दिशेने जाणारी फट १२ मिलिमीटरपेक्षा रुंद नसावी आणि त्याच दिशेच्या कडेत १० मिलिमीटरपेक्षा जास्त उंचसखलपणा नसावा. आडव्या कडेला २० मिलिमीटरपर्यंत सूट देता येते, कारण चाक तिच्यावरून उडी मारून जातं. गटाराच्या जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने असतील तर ती जाळी त्याच दिवशी काढून आडवी बसवायला हवी. ह्या मार्गावर अशा जाळ्या आजही आहेत, आणि सायकलचा टायर पूर्ण आत जाईल एवढं अंतर त्यांच्या गजांमध्ये आहे.

पाहणी कशी करायची हे कुणी विचारलं नाही, तरी लिहितो. दोन माणसं, दोन साध्या सायकली, गिअरच्या नकोत. पाच मीटरची स्टीलची टेप, तीन मीटरची अॅल्युमिनियमची सरळ पट्टी, खडू, रंगाचा डबा आणि जागेची नोंद ठेवणारा मोबाइल. मार्गाचे शंभर-शंभर मीटरचे तुकडे पाडायचे. एकाने चालवत दोष शोधायचा, दुसऱ्याने मागच्या वाहनांवर लक्ष ठेवायचं. दोष सापडला की पट्टी आडवी ठेवून खालची फट मोजायची, फोटोत टेप दिसेल असा फोटो घ्यायचा आणि रस्त्यावर रंगाने चौकट मारायची, म्हणजे दुरुस्तीला आलेला माणूस जागा शोधत बसत नाही. दोन्ही दिशांनी जायचं, कारण सकाळी जाताना सावलीत असलेला दोष संध्याकाळी येताना समोर येतो. अंधार पडल्यावर एक फेरी वेगळी मारायची: कुठला दिवा बंद आहे, कुठला झाडात लपला आहे हे दिवसा कळत नाही. आणि शाळा भरताना-सुटताना एका ठिकाणी उभं राहून मोजायचं की किती सायकली मार्गावरून गेल्या आणि किती मार्ग सोडून मुख्य रस्त्याने गेल्या. मार्ग सोडणाऱ्याला थांबवून कारण विचारायचं. ही एकच नोंद सगळ्या अहवालापेक्षा खरी असते.

अशी पाहणी वर्षातून तीनदा हवी. मेअखेरीस, जमिनीला भेगा पडलेल्या असतात तेव्हा. ऑगस्टमध्ये, पाणी कुठे साचतं ते कळतं तेव्हा. आणि नोव्हेंबरमध्ये, उसाची वाहतूक सुरू होते आणि काटेरी सराटे वाळतात तेव्हा. पुण्या-मुंबईचं वेळापत्रक आणून इथे चालत नाही. आपली जमीन काळी आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावरचा रस्ता कडेने लांबच्या लांब फाटतो. ती भेग नेमकी तिथेच असते जिथून सायकल जाते. मेअखेरीस ती बोटभर असते. तेव्हा हवेच्या झोताने साफ करून डांबराचं इमल्शन आणि बारीक कच ठासून भरली तर पाणी आत जात नाही. ती तशीच सोडली की जूनमध्ये पाणी मुरतं, खालची माती फुगते, कडा सुटते आणि पुढच्या वर्षी तिथे नवा रस्ता करावा लागतो.

साइडपट्टीची गोष्ट तर संतापाची आहे. दरवेळी डांबराचा नवा थर चढतो, साइडपट्टी मात्र आहे तिथेच राहते. आता काही ठिकाणी वीतभर खोल कडा झाली आहे. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की सायकलवाला खाली उतरतो. परत वर येताना पुढचं चाक त्या कडेला घासत राहतं, चढत नाही, आणि माणूस उजवीकडे पडतो, म्हणजे थेट गाड्यांच्या बाजूला. हे टाळायला मुरूम लागतो. एक किलोमीटर लांब, दीड मीटर रुंद, सरासरी दहा सेंटिमीटर जाड धरलं तर दबलेला दीडशे घनमीटर, म्हणजे शंभर घनफुटांचा एक ब्रास धरून त्रेपन्न ब्रास. सुटा मोजायचा तर सत्तरेक ब्रास धरावा. पाणी मारून, रोलर फिरवून, बाहेरच्या बाजूला उतार ठेवून दाबायचा. ट्रॉलीने ढीग टाकून निघून गेलं तर पहिल्या पावसात तो शेजारच्या वावरात जातो. आणि मुरुमाच्या नावाखाली शेजारची काळी माती ओढून टाकणं हा तर गुन्हा मानायला हवा. ओली काळी माती मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये साचते आणि चालत्या सायकलचं चाक जाम होतं. दप्तर कॅरिअरला लावलेलं लेकरू अशा वेळी सायकल ओढत चिखलातून जातं, हे रोज बघायला मिळतं.

खड्डे बुजवण्याचीही तीच तऱ्हा. खड्डा चौकोनी कापायचा, कडा उभ्या ठेवायच्या, पाणी आणि धूळ काढायची, तळाला आणि कडांना इमल्शन मारायचं, थर देऊन दाबायचं आणि वर सरळ पट्टी ठेवून बघायचं. इथे पाण्यात डांबर ओततात, वर खडी टाकतात आणि टेम्पोच्या चाकाने दाबतात. आठ दिवसांत खडी सुटून कडेला येते, म्हणजे पुन्हा सायकलच्याच वाटेत. पॅच तीन-चार सेंटिमीटर उंच राहतो. खड्डा होता तिथे उंचवटा झाला आणि भोवती सुटी खडी पसरली, यालाच देयकात दुरुस्ती म्हटलं आहे.

वेड्या बाभळीच्या फांद्या मे महिन्यात छाटाव्या, मार्गावर अडीच मीटर उंचीपर्यंत मोकळं ठेवावं, आणि छाटलेली फांदी त्याच दिवशी उचलावी. छाटून तिथेच टाकणारी माणसं न छाटणाऱ्यांपेक्षा जास्त पंक्चर करून जातात. सराटा फुलावर असतानाच उपटावा. वाळल्यावर झाडला की काटे आणखी पसरतात.

गतिरोधकांबद्दल भारतीय रस्ते काँग्रेसने, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, १९८८ मध्येच माप दिलं होतं: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. आपल्या गावागावांत हातभर रुंदीची, उभी भिंत घातल्यासारखी आडकाठी आहे. दुधाचे कॅन लावलेला माणूस तिच्यावरून जाताना काय होतं ते एकदा पाहा.

आता हे सगळं कुणाला सांगायचं? पहिला टप्पा एका कार्यालयाकडे, पूल दुसऱ्याकडे, हद्दीबाहेरचा भाग तिसऱ्याकडे. प्रत्येकजण दुसऱ्याकडे पत्र पाठवतो आणि आम्हाला प्रत देतो. आमच्याकडे प्रतींचा गठ्ठा झाला आहे. काम नवं असताना दोषदायित्वाचा कालावधी होता, त्या काळात कंत्राटदाराकडून फुकट दुरुस्ती करून घेता आली असती. दोषांची यादीच कुणी केली नाही, म्हणून तो काळ संपला आणि अनामत परत गेली. आता सांगतात, देखभालीला तरतूद नाही. मग मार्ग बांधला कशाला? फीत कापायला?

सरकार मुलींना सायकली देतं. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे, २०२२ मध्ये रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार केली. चांगलं केलं, मनापासून म्हणतो. पण मुलीच्या हातात सायकल दिल्यावर तिला जायचा रस्ता बघणं हे कुणाचंच काम नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. रस्त्याच्या दोषामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड. म्हणजे मोडलेलं मनगट जुळून आलं तर कुणाला काहीच नाही. आधी कुणी मरावं किंवा कायमचं अधू व्हावं, मग कायदा हलणार.

आणि हे फक्त सायकलचं नाही, साहेब. १९८४ मध्ये राज्य सरकारच्या दांडेकर समितीने मराठवाड्याचा अनुशेष, म्हणजे विकासातली तूट, मोजला, रस्तेही मोजले. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं, ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. इतकी वर्षं आम्ही किलोमीटर मोजत आलो: किती मंजूर, किती झाले, किती राहिले. झालेला रस्ता पाच वर्षांनी शिल्लक आहे की नाही हे कुणी मोजलं नाही. तोच रस्ता तीनदा बांधला जातो, तीनदा त्याचं देयक निघतं, आणि कागदावर अनुशेष भरत जातो. आम्ही टंचाईत टँकरची वाट बघितली, गाडीची वाट बघितली, कारखान्याच्या तोडीची वाट बघितली. वाट बघण्याची सवय आहे म्हणून आमच्या लेकरांनी पडायचं का?

तुमच्याकडे नवा निधी मागत नाही. चार गोष्टी मागतो. सगळे उघडे बोल्ट आणि रस्त्याच्या दिशेने गज असलेल्या जाळ्या येत्या सात दिवसांत काढा. संपूर्ण मार्गाला एकच जबाबदार उपअभियंता नेमा, त्याचं पद आणि फोन नंबर दर किलोमीटरला खांबावर रंगवा. जिल्हा नियोजनातून देखभालीची रक्कम दरवर्षी वेगळी काढा आणि ती दुसऱ्या कामाला वळवू नका. आणि साखर कारखान्यांची बैठक घेऊन जोड ट्रॉल्यांना मागे आणि बाजूला रिफ्लेक्टर लावल्याशिवाय वजनकाट्यावर घेऊ नका, असं लेखी सांगा. काट्यावर अडवलं की दुसऱ्या दिवशी रिफ्लेक्टर लागतात.

पाहणीसाठी टेप, पट्टी, रंग आणि सायकली आमच्याकडे आहेत. उपअभियंत्यासाठीही एक सायकल ठेवली आहे. शाळा सुटायची वेळ साडेचार-पाचची असते, तेव्हाच यायला सांगा. तारीख तेवढी लेखी कळवा.

आपले,
बायपासच्या सायकल मार्गाने रोज शाळा, बाजार आणि वावर गाठणारे नागरिक