कितवे आलो त्याची रांग वाचायला शिकवणाऱ्या काकांस

ठाणे

तीर्थस्वरूप काकांस,
सादर नमस्कार.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत तुम्ही आयुष्यभर गुणवत्ता तपासणी केलीत. पत्त्यांशी तुमचा संबंध गणपतीतल्या जागरणापुरता. तरीही नऊ जणांच्या एका टेबलाच्या ऑनलाइन पोकर स्पर्धांचे जुने रेकॉर्ड नौपाड्यातल्या तुमच्या घरी मांडून, ‘कितवा आलो’ एवढ्या एका रकान्यातून खेळातला दोष कसा हुडकायचा, ते तुम्ही आम्हाला दाखवलंत. त्याचे आभार चारचौघांत मानावेत आणि ज्यांच्याकडे असे रेकॉर्ड पडून आहेत त्यांच्याही हाती ही रीत लागावी, म्हणून हे पत्र उघडं लिहितो आहोत.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली. त्यामुळे पुढचा हिशेब जुन्या रेकॉर्डच्या अभ्यासाचा आहे आणि तुम्ही सुचवल्याप्रमाणे गुणांत मांडला आहे. प्रवेशाचे १०० गुण, टेबलाचं शुल्क १० गुण. एकूण बक्षीस ९००, ते नेहमीच्या ५०-३०-२० वाटणीने पहिल्याला ४५०, दुसऱ्याला २७०, तिसऱ्याला १८०.

रेकॉर्ड हातात आलं की खेळणारा आधी नफा-तोटा बघतो. तुम्ही तोच आकडा बाजूला ठेवायला लावलात आणि कारणही आकड्यातच दिलंत. नऊही जागी सारख्याच वेळा येणाऱ्या खेळाडूला एका स्पर्धेत सरासरी १०० गुण मिळतात, पण त्यातलं प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती इकडेतिकडे होतात त्याचं माप) १५६ गुणांच्या आसपास आहे. म्हणजे ४५० स्पर्धांनंतरसुद्धा गुंतवणुकीवरच्या टक्केवारीत एक विचलन साधारण पावणेसात टक्क्यांचं राहतं, आणि दोन विचलनं धरली तर साडेतेरा टक्के इकडे किंवा तिकडे. सहा टक्के तोटा दिसला तर तो खेळातला दोष की पत्त्यांची लहर, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. क्रमांकांची रांग मात्र त्याच ४५० स्पर्धांत बरंच काही सांगून जाते.

तुम्ही उदाहरणासाठी तयार केलेली रांग इथे जशीच्या तशी देतो. पहिला ४४ वेळा, दुसरा ५५, तिसरा ६६, चौथा ६८, पाचवा ५७, सहावा ५०, सातवा ४४, आठवा ३६, नववा ३०. बेरीज ४५०, म्हणजे नऊही जागी सारखाच येणाऱ्याचे प्रत्येक घरात, म्हणजे प्रत्येक क्रमांकावर, सरासरी ५० यायला हवेत. बक्षिसात येण्याचं प्रमाण जवळजवळ ३७ टक्के, सरासरी खेळाडूच्या ३३ पेक्षा चांगलं. तरीही मिळकत ४६,५३० आणि खर्च ४९,५००, म्हणजे सहा टक्के तोटा! बक्षिसात वारंवार येऊनही माणूस तोट्यात कसा राहतो, हे कोडं या रांगेइतकं स्वच्छ दुसरीकडे सुटत नाही.

आता घरं तपासायची. ५० च्या घरात एक विचलन ६.७ चं. चौथ्याचे ६८ हे २.७ विचलनं वर, नवव्याचे ३० हे तीन विचलनं खाली. पहिल्याचे ४४ मात्र एका विचलनाच्या आतच आहेत, त्यामुळे ‘आपण पहिले येत नाही’ हा निष्कर्ष एवढ्यावरून काढता येत नाही. आणि नऊ घरं एकदम बघताना एखादं घर नुसत्या योगायोगाने दोन विचलनांबाहेर जाण्याची शक्यता तिनात एक इतकी असते. म्हणून तुमचा आग्रह की आधी सगळ्या रांगेची काय-वर्ग चाचणी (सगळे फरक मिळून नुसत्या योगायोगाचे असू शकतात का, ते बघण्याची रीत), मगच एकेका घराकडे बोट. प्रत्येक घरातल्या ५० पासूनच्या फरकाचा वर्ग भागिले ५०, सगळ्यांची बेरीज. इथे ती २६.४ येते. नऊ घरं म्हणजे आठ मुक्त मात्रा (आठ घरं कळली की नववं आपोआप ठरतं), आणि पाच टक्क्यांची सीमा १५.५, म्हणजे नुसत्या योगायोगाने बेरीज याहून वर जायची शक्यता पाचच टक्के. रांग वाकडी आहे हे पक्कं झालं.

आठवा-नववा कमी आणि मधली घरं फुगलेली, म्हणजे सुरुवातीला खेळाडू सांभाळून खेळतो. तेवढं ठीक आहे, त्यात शाबासकी देण्यासारखंही काही नाही. नुसते पत्ते टाकून डाव सोडत बसलं तरी नववा क्रमांक बहुधा चुकतो. याउलट नववा आणि पहिला दोन्ही फुगलेले असतील तर सुरुवातीलाच चिप्स (खेळातली नाणी) उधळणारा, पण पुढे वाचला तर टेबल दाबून ठेवणारा खेळाडू समोर आहे.

खरी गंमत चौथ्या क्रमांकात, म्हणजे बबलवर, बक्षिसाच्या अगदी उंबरठ्यावर. चौघांकडे सारख्या चिप्स असतील तर प्रत्येकाचा वाटा बक्षिसाच्या २५ टक्के. एकाने ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, आणि आपण कॉल करून, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून, जिंकलो तर चिप्स दुप्पट होतात, पण बक्षिसातला वाटा ५० न होता ३८.३ टक्केच होतो. संख्याशास्त्रज्ञ हार्व्हिल यांनी १९७३ मध्ये शर्यतींसारख्या स्पर्धांसाठी मांडलेल्या सूत्रावरूनच हा हिशेब येतो, आणि ते सूत्र तुम्ही कागदावर दोन ओळींत सोडवून दाखवलंत. २५ भागिले ३८.३ म्हणजे ६५ टक्के. ब्लाइंडच्या (डावाआधी दोघांनी सक्तीने लावायच्या) चिप्स हिशेबात न धरता, कॉल करायला जिंकण्याची इतकी खात्री लागते. समोरच्याने डोळे झाकून कोणत्याही दोन पत्त्यांवर ढकललं, म्हणजे ऑल-इन केलं असलं, तरी वेगळ्या रंगाचा एक्का-दहा ६३ टक्क्यांच्या आसपासच जिंकतो. ६५ पेक्षा कमी, म्हणून तो टाकायचा, डाव सोडायचा.

हे कळलं की पुष्कळ जण कॉलबरोबर ढकलणंही बंद करतात आणि इथेच रांग बिघडते. जो ६५ चा आकडा आपले हात बांधतो तोच समोरच्याचेही बांधतो. आपण आधी ऑल-इन केलं तर कॉल करायला त्यालाही तितकेच भक्कम पत्ते हवेत, म्हणून तो बहुतेक वेळा पत्ते टाकतो आणि ब्लाइंड आपल्याकडे येतात. (त्याच्याकडे आपल्या दुप्पट-तिप्पट चिप्स असतील तर त्याचा आकडा खाली येतो, तिथे आपले पत्ते बघूनच ढकलायचं.) थांबण्याची किंमतही मोजून ठेवावी. १३,५०० चिप्सच्या टेबलावर ब्लाइंड १००-२०० असताना २,००० चिप्स म्हणजे दहा बिग ब्लाइंड (दोन ब्लाइंडांतला मोठा, इथे २०० चा). चौघांत एक फेरी चारच डावांची, त्यात ३०० जातात. दोन फेऱ्या गप्प बसलं की १,४०० उरतात, चिप्समधला वाटा पंधरा टक्क्यांवरून दहावर. तीन बिग ब्लाइंड उरले की मग कोणी घाबरून पत्ते टाकत नाही, कॉल स्वस्त पडतो.

म्हणून चौथे क्रमांक दोन ढिगांत वाटायचे: शेवटच्या डावात आपण कॉल केला होता, की आपण ढकललं होतं आणि तेव्हा किती बिग ब्लाइंड होते. पहिला ढीग मोठा असेल तर कॉल ढिला आहे. दुसऱ्या ढिगात पाचाच्या खालचे फार असतील तर खेळाडू थांबून थांबून झिजतो आहे. क्रमांक तोच, उपाय अगदी उलटे. हे न बघता ‘बबलवर सावध रहा’ असा सल्ला दिला तर झिजणारा आणखी झिजेल.

सगळ्यात मोलाचं तुम्ही दिलंत ते तिसऱ्या क्रमांकाबद्दल. तिसरे ६६ आणि पहिले ४४ बघून कोणीही म्हणेल की तिघांत खेळता येत नाही. तुम्ही एकच रकाना वाढवायला सांगितलात: तिघे उरले त्या क्षणी एकूण चिप्सपैकी आपल्याकडे किती टक्के. हार्व्हिल यांच्या सूत्राप्रमाणे पहिला येण्याची शक्यता म्हणजे नेमका हा वाटा. १६५ वेळा तिघांत पोचलो आणि सरासरी वाटा ३३ टक्के असता तर पहिले ५५ यायला हवे होते. पण सरासरी वाटा २५ टक्केच निघाला तर अपेक्षा ४१ ची, आणि ४४ हे त्याहून थोडे बरेच! मग दोष तिघांच्या खेळात नसून आधी बबलवर चिप्स झिजवण्यात आहे. समोरच्या दोघांकडे ४५ आणि ४० टक्के असताना १५ टक्के घेऊन पोचणारा शंभरात ६३ वेळा तिसराच येतो, तो कितीही नीट खेळो. आणि यातले पंधरा तिसरे क्रमांक पहिले झाले तर ४,०५० गुणांची भर पडून तोट्याचा १,०८० गुणांचा नफा होतो.

दुसऱ्या-पहिल्याचं प्रमाण तपासायला एवढं रेकॉर्ड पुरत नाही. पहिला किंवा दुसरा आलो अशा ९९ पैकी पहिला ४४ वेळा, अपेक्षा साडेएकोणपन्नास, विचलन पाचाचं. तिथे गप्प बसावं.

टर्बो (ब्लाइंड झपाट्याने वाढणाऱ्या) आणि साध्या स्पर्धा एका तक्त्यात घालायच्या नाहीत, सहा जणांची टेबलं नऊच्या घरांत कोंबायची नाहीत, आणि फुकट चिप्सवरचे निकाल तर जुन्या रेकॉर्डला शिवूही द्यायचे नाहीत, कारण तिथे पहिल्याच डावात तिघे-चौघे ऑल-इन जातात आणि सगळी रांग त्यामुळे वाकते. हे तुम्ही पुन्हा पुन्हा बजावलंत. शंभर स्पर्धांची वही घेऊन आलेल्याला तुम्ही निदान न देता परत पाठवलंत, तेही योग्यच होतं: घरात अपेक्षा अकराची आणि पाच ते सतरा सगळंच चालण्यासारखं, तिथे काय वाचणार?

काका, तुम्ही मोबदला घेतला नाहीत, उलट चहा पाजलात. तुम्ही आखलेला तक्ता ऐरोली आणि कळव्याच्या मंडळींनाही दिला आहे. रकाने पाचच ठेवले आहेत: स्पर्धेचा प्रकार, क्रमांक, शेवटच्या डावात कॉल की ढकल, तेव्हाचे बिग ब्लाइंड, आणि तिघे उरले तेव्हाचा वाटा. पाचवा रकाना जुन्या डावांच्या नोंदींतून हाताने भरावा लागतो. तो भरून झाला की बेरजा तपासायला तुमच्याकडे आणतो.

तुमचे ऋणी,
टेबलावरचे सगळे